सरकारांचं शिलंगण

डोंबिवलीला बिऱ्हाड केलं त्याच आठवड्यात मी एका परक्या घरात शिरलो, कोट खुंटीला लावला, चपला कोपऱ्यात सरकवल्या आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हुकूमही सोडला, "अगं, चहा टाक. आणि जरा आलं ठेचून घाल."

दोष माझाच. पण सगळाच माझा नाही. आमच्या मालकानं रानात एकदम तीन चाळी उठवल्या होत्या. तिन्हींना तोच पिवळा रंग, तीच हिरवी दारं, आणि दारातून आत आलं की उजव्या हाताला तीच खुंटी. दिवसभर मुंबईत मान मोडून आलेला कारकून घर कुठं ओळखतो? तो खुंटी ओळखतो.

आतून बायकोच्या ऐवजी एक खर्जातला आवाज आला.

"आलं संपलंय. गवती चहा चालेल?"

पाठोपाठ एक उंच, ताठ म्हातारा बाहेर आला. घरातच होता, तरी बंद गळ्याच्या कोटाची सगळी बटणं लावलेली. मी खुंटीवरच्या माझ्या कोटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तोंडातून कसंबसं निघालं, "माझी... म्हणजे घरातली मंडळी..."

"माझी सून पाण्याला गेली आहे. माझी मंडळी देवाघरी असते. तुमची बहुधा पलीकडच्या चाळीत असेल. बसा. चुकून आलेला माणूस चहा न घेता गेला, तर चूक दोघांची होते."

बसलो. दुसरं काय करणार? चहाचा पहिला घोट घेतला आणि त्यांनी विचारलं, "कुठले?"

"मूळचे राजापूरकडचे."

"मूळचं नाही विचारलं. आत्ताचे कुठले?"

"आत्ताचा इथलाच की. स्टेशनपासून दहा मिनिटं."

म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. "बघा! ज्याला विचारावं तो मूळचं गाव सांगतो, नाहीतर स्टेशन सांगतो. मधे काही नाहीच का हो? गाव आहे की स्टेशनाला बांधलेलं बकरू?"

ही आमची ओळख.

सगळ्या चाळी त्यांना 'सरकार' म्हणायच्या. अर्थात त्यांच्या पाठीमागे. पण ते त्यांच्या कानावर गेलं होतंच. ते म्हणायचे, "सरकार एकच होते. ते विलीन झाले. मी त्यांचा नोकर." दक्षिणेतलं एक एवढंसं संस्थान, नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकलं जाईल असं. तिथल्या खासगी खात्यात हे कारकून. काम एकच : दसऱ्याच्या स्वारीत कोणी कोणाच्या मागं चालायचं ते ठरवायचं. स्वारी वर्षातून एकदा. उरलेलं वर्ष, आपल्याला मागं का टाकलं म्हणून रुसलेल्या मानकऱ्यांची समजूत घालण्यात जायचं. संस्थानं खालसा झाली तेव्हा मुलगा यांना घेऊन डोंबिवलीला आला. त्याला मुंबईत नोकरी होती आणि मुंबईत जागा नव्हती. आमच्या चाळीत प्रत्येकाची गोष्ट शेवटी याच वाक्याशी येऊन थांबायची.

सकाळी अंघोळ करून, काळी टोपी घालून, हातात काठी घेऊन सरकार फिरायला निघत. दिसेल त्याला रामराम आणि पाठोपाठ "कुठले?" कोणी साताऱ्याचा निघे, कोणी मालवणचा, कोणी पार विजापूरचा. एकदा एका सिंधी कापडवाल्याला विचारलं. तो बिचारा कल्याणच्या पुढच्या निर्वासितांच्या छावणीतून खांद्यावर गठ्ठा घेऊन दारोदार फिरायचा. तो म्हणाला, "बाबूजी, जिधरका था, वो गाँव अब अपना नहीं." सरकार त्या दिवशी चालता चालता थांबले आणि त्याच्याकडून गरज नसताना खणाचं कापड घेतलं. सुनेनं विचारलं, "मामंजी, हे कुणाला?" तर म्हणाले, "राहू दे. आपल्या गाववाल्याकडून घेतलंय."

मी हसलो होतो. पुष्कळ दिवस ही गोष्ट मी ऑफिसात रंगवून सांगायचो.

त्यांचं म्हणणं साधं होतं. ठाण्याला तळी आहेत. कल्याणला खाडी आहे, पडका का होईना किल्ला आहे. त्या माणसाला डोळे बांधून नेलं तरी तो सांगेल, मी अमक्या ठिकाणी आहे. आपल्याला काय आहे? आज एक चाळ, उद्या तिच्याशेजारी दुसरी, परवा तिसरी. भात कापून झालं की शेतात दगड पडतात. दगड पडले की पाया. पाया आला की हिरवी दारं. "हे गाव नव्हे. हे माणसांचं गोदाम आहे. सकाळी माल मुंबईला जातो, संध्याकाळी परत येतो."

"मग गाव कशाला म्हणायचं?" मी एकदा मुद्दाम डिवचलं.

"ज्याला शीव असते त्याला. इथं आपलं संपलं, इथून पुढं परकं, असं पायाला कळलं पाहिजे. बाहेर पडता येत नसेल, तर आत आहोत हे कळणार कसं?"

म्हणून मग शिलंगण. दसऱ्याच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी गावाची शीव ओलांडायची, पलीकडे आपट्याची पानं लुटायची, ते सोनं घेऊन दिवेलागणीला परत यायचं आणि घरच्या बाईनं दारात ओवाळून आत घ्यायचं, ही रीत काही सरकारांनी काढलेली नाही. पण आम्ही ती सोयीनं कापून घेतली होती. पानं स्टेशनबाहेर विकत मिळत. दुपारी श्रीखंड चापून झोपायचं, संध्याकाळी शेजाऱ्याच्या हातावर पान ठेवून "सोन्यासारखे राहा" म्हणायचं. झालं शिलंगण.

पहिल्या वर्षी सरकार पगडी घालून, गुडघ्याखाली येणारा अंगरखा चढवून चाळीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी स्वारी लावली. ज्याच्याकडे गाय होती तो गोठ्याचा मानकरी झाला. पोस्टात होता तो जासूद झाला. मी ऑफिसची छत्री घेऊन आलो होतो, म्हणून मला अबदागीर धरायला मिळाली. म्हणजे छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरायची. अंगणभर माणसं खिदळत होती, पण आली. विहिरीपुढं एक ताडाचं झाड होतं, त्यापुढं भातशेती. सरकारांनी ताडाकडे काठी केली : ही शीव. आम्ही ओलांडली, पानं वाटली, परत आलो. सुनेनं त्यांना दारात ओवाळलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान की जणू मागून तोफा झाल्या.

पुढच्या वर्षी ताडाच्या पलीकडे दोन चाळी. तिसऱ्या वर्षी ताडच नाही. शीव दरवर्षी पुढं पळत होती आणि स्वारी दरवर्षी रोडावत होती. गोठ्याच्या मानकऱ्यानं गाय विकली. जासुदाला श्रीखंडानंतर उठवेना. एका वर्षी उन्हात चालून चालून माझे पाय दुखायला लागले. मी म्हटलं, "सरकार, इथंच शीव समजू या ना. कोण बघतंय?"

ते थांबले. रागावले नाहीत. बांधावर टेकले आणि त्यांनी मला हत्तीची गोष्ट सांगितली.

संस्थानचा हत्ती एकच, आणि म्हातारा. शेवटच्या दसऱ्याला तो शिवेच्या अलीकडेच रस्त्यात बसला. गूळ दाखवला, माहुतानं शिव्या दिल्या, हत्ती हलेना. सूर्य कलायला लागला. तेव्हा राजेसाहेब वरून म्हणाले, "इथंच शीव समजा आणि आटपा." सगळे "जी सरकार" म्हणाले. एकट्या या कारकुनानं हात जोडून सांगितलं, "महाराज, शीव समजायची नसते. असावी लागते." राजेसाहेबांनी ऐकलं नाही. हत्तीपाशीच पानं लुटली गेली.

"आणि पुढच्या दसऱ्याला राज्य नव्हतं," सरकार म्हणाले.

"अहो, ते दिल्लीहून झालं. सगळीच संस्थानं गेली. हत्तीचा काय संबंध?"

"असेल दिल्लीहून," म्हणाले आणि उठून चालायला लागले. मी निमूट छत्री उघडली.

मग त्यांच्या मुलाची नागपूरला बदली झाली. मुलगा, सून, सामान, सगळं गेलं. सरकार राहिले. "जागा सोडायची नाही, थोडे दिवस बघतो," म्हणाले. एकटे पिठलं-भात रांधून खायचे. माझी बायको, तिलाही ते सूनबाईच म्हणत, कधी भाजी पाठवायची, कधी पोळ्या. भांडं कधी रिकामं परत यायचं नाही. दुसरं काही नसलं तर त्यात चिमूटभर साखर असायची. हळूहळू त्यांचं "कुठले?" थांबलं. विचारून विचारून कंटाळले असतील, किंवा विचारायला माणसं ओळखीची राहिली नसतील. तीन चाळींच्या आता किती झाल्या होत्या कोण जाणे. संध्याकाळी ते ओट्यावर बसत आणि स्टेशनकडून येणारी माणसं बघत. कोणी बघितलं तर अर्धा हात वर करत. कोणी बघितलं नाही तर तोच हात टोपीकडे नेत, टोपी नीट केल्यासारखा.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला ओट्यावर बोलावलं.

"मुलगा दिवाळीला न्यायला येतोय. मी त्याला हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. म्हटलं, दसरा होऊ दे. उद्या शीव सापडली, आणि परत आल्यावर कोणी मला इथला म्हणून दारात ओवाळून घेतलं, तर मी राहिलो. नाहीतर निघालो." मग जरा हसून म्हणाले, "स्वारीत तुम्ही आणि मी. चालेल का?"

मी रात्री जेवताना बायकोला हे सगळं त्यांच्या आवाजात करून दाखवलं. नक्कल चांगली साधली होती. ती हसली नाही. म्हणाली, "तुम्ही जा हो त्यांच्याबरोबर. श्रीखंड खाऊन लवंडू नका म्हणजे झालं."

निघालो. पुढं पगडी, मागं छत्री. नव्या चाळींतल्या बायका गॅलरीत येऊन बघत होत्या. एकीनं विचारलं, "नाटक आहे का हो कुठं?" सरकारांनी मान वळवली नाही. चाळी संपल्या, आखून टाकलेले दगड आले. दगड संपले, भात आलं. लोंब्यांनी वाकलेलं पिवळं भात आणि समोर मलंगगड. सरकारांच्या चालीत जोर आला. एक बांध ओलांडला, "ही असेल." पुढं पाहिलं तर पलीकडच्या शेतात चुन्याच्या रेघा. आणखी पुढं. तिथंही कोणीतरी खुंट्या ठोकून सुतळी ताणलेली. उन्हानं त्यांच्या पगडीखालून घाम ओघळत होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा छत्री मनापासून धरली होती.

तेवढ्यात समोरून आमचे मालक आले. तीन चाळींचे धनी, तिथलेच जुने शेतकरी. कमरेला नवं पांढरं धोतर, सोबत झेंडूची माळ घातलेली बैलजोडी.

"आवो, यवढ्या उन्हाचं कुठं चाल्लाव?"

"शीव शोधतोय," मी म्हटलं. हे मोठ्यानं म्हटल्यावर किती वेडेपणाचं वाटतं ते मला तेव्हा कळलं.

मालक आमच्याकडे बघतच राहिले. "शीव? ती काय हितं हाय? ती मागं राह्यली की."

"मागं म्हणजे कुठं?" सरकारांचा आवाज चिरकला.

"तुमच्या चाळींच्या मागं. तो वढा नाय का? वढ्याच्या पल्याड गाव, अल्याड शिवंभायेरचं रान. आमची गुरं चरायची थितं. थितंच तर तुमच्या चाळी बांधल्या. गावात जागा कोन देल?"

ज्याला ते ओढा म्हणत होते त्याला आम्ही गटार म्हणायचो. त्याच्या पलीकडे कौलारू घरांची एक जुनी वाडी होती. आम्ही तिला आमच्या डोंबिवलीतली एक आळी समजत होतो. दूध तिथून यायचं, मोलकरीण तिथून यायची. आपण गावात राहतो आणि ही माणसं कडेला, अशी आमची ठाम समजूत. आणि इतकी वर्षं आम्ही पगडी, छत्री, मानकरी घेऊन शीव ओलांडायला निघत होतो ते शिवेच्या बाहेरूनच!

सरकारांनी आल्या वाटेकडे वळून पाहिलं. मग पोट धरून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत होते. मालक घाबरले. "ऊन लागलं का वो याना?"

"नाही नाही," सरकार डोळे पुसत म्हणाले. "सापडली! अहो, सापडली! आहे! समजायची नाही, आहे!" मग एकदम अदबीनं, दरबारात विचारावं तसं, "मालक, आत येऊ का?"

"आवो, या की. कोन आडवतंय?"

आम्ही बैलांच्या मागून परत फिरलो. चाळींना वळसा घातला आणि गटारावरच्या फळीवरून, म्हणजे शिवेवरून, आत गेलो. सरकारांनी फळीवर पाय ठेवण्यापूर्वी खाली वाकून नमस्कार केला. वाडीत गावदेवीच्या देवळासमोर माणसं जमली होती. सोनं वाटत होती, एकमेकांना बापाच्या, आज्याच्या नावानं हाका मारत होती. कोणाला कोणाचा पत्ता विचारायची गरज नव्हती. आम्हालाही त्यांनी पानं दिली. मालक आम्हाला घरी घेऊन गेले. त्यांची म्हातारी आई तबक घेऊन दारात उभी होती.

"ह्ये कुनाचे रं?" तिनं विचारलं.

"आपले भाडोत्री हायेत. शिवंभायेरनं आलेत."

"मंग पावनंच की. पाय धुवा बाबानो, मंग आत या."

तिनं पाय धुवायला पाणी दिलं. कुंकू लावलं, सावकाश, मायेनं ओवाळलं. आधी सरकारांना, मग मला. पगडीवर तांदळाचे दाणे पडले. सरकार डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, जिंकला म्हातारा.

परतताना चांगलंच अंधारून आलं होतं. ते वाटभर मोठमोठ्यानं बोलत होते. त्या म्हातारीचं, बैलांच्या माळांचं, फळी बदलायला हवी त्याचं. चाळीत शिरताना त्यांनी हाक दिली, "सूनबाई, शीव सापडली बरं का! आज गावात ओवाळून घेतलं आम्ही!" माझी बायको आमच्या दारातून आत वळताना पाठमोरी दिसली. सरकार त्यांच्या खोलीत गेले, मी माझ्या. मला सपाटून भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "मुलाला कळवतो, येतो म्हणून."

"अहो, पण शीव सापडली! ओवाळलं तुम्हाला!"

"ओवाळलं. पाहुणा म्हणून ओवाळलं." ते शांतपणे म्हणाले. "मला वाटत होतं, इथं गावच नाही. म्हणून भांडत होतो. पण गाव आहे हो. चांगलं आहे. माझं नाही, एवढंच. पाहुण्यानं किती दिवस राहायचं?"

मी म्हणायला हवं होतं असं पुष्कळ काही आज सुचतं. तेव्हा मी म्हटलं, "नागपूरला थंडी फार असते."

दिवाळीत मुलगा आला. सरकारांनी पगडी कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. सगळ्यांना रामराम केला. स्टेशनवर मी गेलो होतो. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात पुरता वर केला. मीही केला.

घरी आलो. बायको तांदूळ निवडत बसली होती. मी तिला म्हटलं, "गेले. उगीच गेले. सगळं मनासारखं होऊनही गेले. 'इथला' म्हणून कोणी ओवाळलं नाही, हे डोक्यात घेऊन बसले. आता तशी बाई आणायची कुठून?"

ती निवडायची थांबली.

"मी तबक तयार करून उभी होते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं आलात ते ओवाळून झालं, ओवाळून झालं असं ओरडतच आलात. मला वाटलं, शीव सापडली, ओवाळणी झाली, आता राहतात. म्हणून निरांजन आत देवापुढं ठेवलं." मग सूप हलवत, खालीच बघत म्हणाली, "त्यांच्या उंबऱ्याबाहेर रांगोळीसुद्धा काढली होती. ते तिच्यावर पाय देऊनच आत गेले. आणि तुम्ही मागं छत्री धरून."